कुलूप बघून लिहिलेला अहवाल

फोन आला तेव्हा मी खारघरच्या रुंद रस्त्यावर एका नवशिक्या बाईंना रिव्हर्स शिकवत होते. म्हसकरबाईंच्या सुनेचा फोन. "काकू, आई गेल्या. चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत..." मी "येते" म्हटलं, शिकणाऱ्या बाईंना गाडी नीट कडेला घ्यायला लावली आणि जागा बदलून स्वतः पनवेलला परत आणली. वाटेत काय वाटलं ते लिहायला मला संकोच नाही. हायसं वाटलं. दुखणं हाडांत उतरलेलं होतं, शेवटचे दोन महिने त्यांना कुशीवर वळणंही जमत नव्हतं. त्या घरी, स्वतःच्या खाटेवर, चहाची वाट बघत गेल्या, हे चांगलंच झालं. सलत होती ती एकच गोष्ट. रूपेशचा कागद अजून आला नव्हता, आणि बाईंना तो आल्याशिवाय जायचं नव्हतं.

वासंती म्हसकर नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. नोकरी परिविक्षा अधिकाऱ्याची. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की त्याच्या घरी जायचं, आईबाप, शेजारी, शाळा बघायची आणि बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा, की याला घरी ठेवता येईल की निरीक्षणगृहात पाठवावं. लोक त्या जागेला अजून रिमांड होमच म्हणतात. बाई कामाला चोख. कोणाच्या घरी पाणी प्यायल्या तरी त्याची नोंद वहीत. माझी ड्रायव्हिंग स्कूल, आणि त्यांना सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. एकदा रिक्षावाल्यांचा संप होता म्हणून मी त्यांना गृहभेटीला सोडलं, आणि पुढे ते नेहमीचंच झालं. मैत्री वगैरे शब्द आम्ही वापरले नाहीत. त्या पुढच्या सीटवर बसायच्या, मी गाडी चालवायचे आणि दोघी भांडायचो.

भांडण ठरलेलं असायचं. माझं म्हणणं होतं, चोरी केली तर आत जायला हवं, सोळाचा असो की साठचा. त्या म्हणायच्या, "मीनल, तुम्ही पोरांना बाजारातल्या भाजीसारखं निवडता. किडकं एकदा बाजूला टाकलं की विषय संपला." मजा अशी की रूपेशच्या बाबतीत किडकं बाजूला टाकलं ते त्यांनीच.

रूपेश उलव्याच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला. सोळाव्या वर्षी, दोन मोठ्या मुलांबरोबर, बांधकामावरची तांब्याची केबल चोरताना सापडला. मोठे दोघे पळाले, हा राहिला. बाई त्याच्या घरी लागोपाठ तीन दिवस सकाळी अकराला गेल्या. तिन्ही दिवस दाराला कुलूप. शेजारची घरंही बंद, नाक्यावर एक म्हातारा, त्याला ऐकू येत नव्हतं. बाईंनी लिहिलं : घरी देखरेख नाही, पालकांना आस्था दिसत नाही, मुलास निरीक्षणगृहात ठेवणे उचित. मंडळाने ते मानलं. पोरगा चार महिने आत राहिला, त्याची दहावीची परीक्षा बुडाली. मग मंडळाने समज देऊन त्याला सोडलं.

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघी पनवेलच्या मच्छी मार्केटात गेलो होतो. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, विकणाऱ्या एका बाईने म्हसकरबाईंकडे बघितलं आणि हातातली चिंबोरी टोपलीत टाकून ती उभी राहिली. ती हिराबाय, रूपेशची आई. बाईंना तिने मंडळापुढे पाहिलं होतं.

"तूच ना गो ती रिपोटवाली? तुला काय वाटलं, आमी पोराला बघत नाय?"

"मी तीन वेळा आले होते," बाई म्हणाल्या. "कुलूप होतं."

"आली कवा? सकाळच्या अकराला! ती अष्टमीची सुकती व्हती. पानी उतरल्यावर आमी खाडीत नाय जानार, तर कवा जानार? तुझ्या हापिसाच्या टायमाला पानी उतरतं काय?"

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. एक म्हणाली, "बायला वाटलं, खाडीला पन रविवारची सुट्टी आसते." म्हसकरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि भर बाजारात विचारलं, "अष्टमीला ओहोटी दुपारी असते का? आणि अमावास्येला?" हिराबायने चिडून, पण नीट सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी भरती, तेव्हा माणसं घरी. अष्टमीच्या आसपास दुपारी सुकती, तेव्हा अख्खं गाव चिखलात, बायकापोरांसकट. बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्या दिवशी मासळी न घेताच आम्ही परतलो. गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या, "मी कुलपाचा अहवाल दिला हो, मुलाचा नाही."

पुढच्या पौर्णिमेला, दुपारच्या भरतीला, त्या हिराबायच्या घरी गेल्या. मी बाहेर गाडीत होते, दार उघडं होतं. "चूक माझी झाली," त्यांनी रूपेशला सांगितलं. तो उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. बस्स. कोणी रडलं नाही, कोणी माफ केलं नाही. हिराबायने चहा केला, बाई प्यायल्या, आणि मला वाटतं तो त्यांनी वहीत लिहिला नाही.

पण त्यांची काम करायची रीत तिथून बदलली. खाडीकाठच्या गावांत त्या तिथी बघून जाऊ लागल्या. वीटभट्टीवर पहाटे, काम सुरू व्हायच्या आधी. आखाती देशात बाप असलेल्या घरांत शुक्रवारी, त्याचा फोन यायच्या वेळी, म्हणजे बापाशीही बोलता येई. गाडी अर्थात माझी. निवृत्त झाल्यावर तर त्यांनी धरणंच धरलं म्हणा ना. नवीन अधिकाऱ्यांपुढे, वकिलांपुढे, कॉलेजात, सोसायट्यांच्या सभांत एकच मागणं, की मुलाला आत टाकणं हा शेवटचा उपाय असू द्या, पहिला नको. घरी ठेवा आणि कोणीतरी लक्ष ठेवा, समुपदेशन करा, वस्तीत काम करायला लावा, शाळा तुटू देऊ नका. हे सगळं कायद्यात आहे, त्या सांगायच्या, फक्त त्याला पाय लागतात. आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःची चूक सांगायच्या, मुलाचं नाव न घेता. मी एकदा वैतागून म्हटलं, "किती दिवस तेच उगाळणार?" म्हणाल्या, "कुठेतरी कोणीतरी आत्ता कुलूप बघून लिहीत असेल, मीनल."

आमच्याच सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "बाई, उद्या तुमच्या घरी चोरी झाली तर हे बोलाल का?" बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी नाही बोलणार. पहिल्या दिवशी शिव्या देईन. पण तो मुलगा कधीतरी सुटणारच आहे ना? सुटून याच पनवेलमध्ये राहणार आहे. तो तुमच्या लिफ्टमध्ये पाना घेऊन दुरुस्तीला यावा की आणखी कशाला, ते आत्ता ठरतंय." गृहस्थ खाली बसले. पुढच्या महिन्यात त्यांनीच एका मुलाला आपल्या गॅरेजमध्ये घेतलं. अर्थात कुरकुरत.

माझी पाळी यायची होतीच. रूपेश विशीत आला तेव्हा बाईंनी मला सांगितलं, त्याला गाडी शिकवा. मी म्हटलं, "माझी गाडी आहे ती, पोट आहे माझं." त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडीला ब्रेक किती?" आमच्या शिकवायच्या गाड्यांना दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. "मग? नवशिक्याला तुम्ही रस्त्यावर नेता, घरात कोंडून शिकवत नाही. शेजारी बसता, पाय तयार ठेवता. मी इतकी वर्षं दुसरं काय मागतेय?" मी चिडले, आणि दुसऱ्या दिवशी सातची वेळ दिली. पोरगा शिकला, छान शिकला. माझ्या पायाखालचा ब्रेक मला चारदाच दाबावा लागला. त्याच्याशी मी बोलायचे, तो माझ्याशी. बाईंचं नाव आम्ही दोघं टाळायचो.

मग विमानतळाची नोकरी निघाली. सामानाच्या गाड्या चालवायच्या. हिराबाय जिथे चिंबोऱ्या धरायची तिथे आता भराव आणि त्यावर धावपट्टी. रूपेशची निवड झाली, पण आत जायच्या पाससाठी पोलिस पडताळणी लागते, आणि त्यात जुन्या केबलची नोंद वर आली. खरं तर अशी नोंद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची असते, अल्पवयातल्या चुकीमुळे पुढे कोणाची नोकरी अडू नये हे कायदाच सांगतो. पण कोणीतरी मागे लागावं लागतं. इथे कोणी लागलंच नव्हतं. बाईंचं दुखणं तेव्हा वाढलेलं. त्यांनी खाटेवरून अर्ज सांगितला, मी लिहिला. सहीसाठी रूपेशला वर बोलावलं.

तो दारातच उभा राहिला. बाईंनी विचारलं, "अजून राग आहे ना?"

"हाय," तो म्हणाला. "पन आता सही कुठं करू ते सांगा."

बाई हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते तेव्हाच. "राग असू दे. सही इथे, खाली. आणि तारीख घाल, तुझ्या पिढीला तारखेचं भान नाही." तो खुर्ची ओढून खाटेजवळ बसला, सही केली, तारीख घातली, आणि लगेच उठला नाही.

त्यानंतर सोळा दिवसांनी त्या गेल्या. रोज मला विचारायच्या, "आला का?" मी रोज "नाही" म्हणायचे. खोटं बोलले असते तर त्यांनी ओळखलं असतं.

मंडळाचा आदेश त्यानंतर महिन्याभराने आला. नोंद नष्ट झाली, पडताळणी नव्याने झाली, आणि परवा रूपेश गळ्यात पास अडकवून माझ्या ऑफिसच्या दारात उभा राहिला. मी पास उलटसुलट करून बघितला, मग खुर्चीत बसले. एवढं दमल्याचं तोवर मला कळलंच नव्हतं.

काल आम्ही दोघं बाईंच्या खोलीत गेलो. सुनेने निरोप दिला होता की गृहभेटींच्या खाजगी वह्या आहेत, मुलांची नावं आहेत त्यांत, आणि आईंनी बजावलंय की रद्दीत घालायच्या नाहीत. फाडून पाण्यात भिजवायच्या. मी पानं फाडून सुटी करत होते, रूपेश बादलीत दाबत होता. मधेच थांबला. त्याचं पान निघालं होतं.

"वाचू?"

"तुझंच आहे."

तो खिडकीपाशी जाऊन उभ्याने वाचत राहिला. बराच वेळ. मी मुद्दाम बघितलं नाही.

"अक्षर बरं व्हतं बाईंचं," तो म्हणाला, आणि पान त्याने स्वतःच पाण्यात बुडवलं, हाताने खाली दाबून धरलं. शाईच्या पेनाने लिहायची सवय होती त्यांना. पाणी निळं झालं. ते ओतून त्याने बादली पुन्हा भरली, आणि आम्ही पुढची वही घेतली.