पिकअपखालचे ठोकळे आणि काकीचं स्टूल

गाडीवेड्यांनो, हसू नका. माझी जुनी पिकअप ऑफरोड करायची, हे वर्षभर डोक्यात आहे. मोठे टायर, उंच सस्पेन्शन, मागची बाकडी काढून मोकळा हौदा. एकदा तरी तिच्यातून एकट्याने लांब निघून जायचंय.

उंच केल्यावर कशी दिसेल ते बघायला आज सकाळी जॅक लावून चारही चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले. वळून बघतो तर पाड्यातली बायामाणसं पाट्या घेऊन हजर! आज मोखाड्याचा आठवडे बाजार आणि तिथे त्यांना दर वेळी माझीच गाडी नेते, हे मी पार विसरलो होतो.

शेजारच्या काकीने काकड्यांची पाटी आत ठेवली आणि पाय उचलला. पाय पोचेना.

"एवढी उंच कोणासाठी करतोस रं?"

मी परत जॅक लावला. ठोकळे काढले आणि सगळ्यांना बाजारात नेलं.

परतताना काकीने नवं प्लास्टिकचं स्टूल हौद्यात ठेवलं. "कर आता पाहिजे तेवढी उंच. आम्ही चढू."

रागावली असती तर भांडून मोकळा झालो असतो. आता कुठेही निघालो तरी ते स्टूल मागे खडखडत राहणार.

खरं सांगा, तुम्ही ते उतरवून ठेवलं असतं?