गुरुजींच्या बरणीतली जांभळं

उभ्या परभणी जिल्ह्यात दारूविरुद्ध सगळ्यात जास्त बोललेला माणूस आणि दारूत जांभळं मुरवणारा बहुधा एकमेव माणूस एकच आहे, आणि तो माझ्या शेजारी राहतो. या माणसाला काय समजावं, हे मला अजून कळलेलं नाही. गुरुजींनी नोकरीत असताना व्यसनमुक्तीची शपथ इतक्या पोरांना दिली, की आज पोक्त झालेली माणसंही ते समोर दिसले की तोंडातलं पान गिळून टाकतात. पोटचा मुलगा कॉलेजात असताना एकदा पिऊन आला, तेव्हा "या घरात बाटली येणार न्हाई, अन् पिणाराबी न्हाई," असं त्यांनी सुनावलं. तो पुण्याला गेला, तो सहा वर्षं फिरकला नाही. यंदा जूनमध्ये त्याचा फोन आला, दिवाळीला येतो म्हणून. दुसऱ्याच दिवशी गुरुजी परसातल्या जांभळाखाली जुनं धोतर अंथरून फळं वेचत बसले.

"काय करायलाव, गुरुजी?"

"मोबाईलवर पाह्यलं. जांभूळ, साखर अन् ते. चार महिने मुरवायचं. पोराला आवडंल."

आयुष्यभर भाषणांत ठणकावून उच्चारलेला शब्द आता त्यांच्या तोंडून निघेना. 'ते' आणायला ते तोंडाला रुमाल बांधून एसटीनं ताडकळसला गेले. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी निघाला आणि गल्ला सोडून भर गिऱ्हाइकांत पाया पडला. घरात बाटली येणार नाही हा शब्द मोडू नये, म्हणून गुरुजींनी तिथंच सगळं दुधाच्या किटलीत ओतून घेतलं. पुढं फडकं बांधलेली लोणच्याची बरणी रोज गच्चीवर उन्हात जाऊ लागली. दर रविवारी ते वाटीत चमचाभर घेऊन माझ्याकडे यायचे. स्वतः चाखायची सोय नव्हती, वास घ्यायचे तोही एका नाकपुडीनं. मी घोट घेतला की विचारायचे, "दहापैकी मार्क किती?" औषधाला द्यावेत, सरबताला द्यावेत की दारूला, हे न कळून मी दर वेळी सात द्यायचो.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. बरणीत जांभळाचा शिरका आहे असं समजून त्या पोटदुखीवर गल्लीतल्या बायकांना तो चमचा चमचा देत राहिल्या. गुण असा आला, की दिवाळीच्या आठवड्यात रोज कुणाचं तरी पोट दुखू लागलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी फडकं सोडलं, तर तळाशी नुसती जांभळं. ते पायरीवर बसून एवढंच म्हणाले, "लय चुकलं माझं तवा. आता कोण्या तोंडानं बोलू त्याच्याशी?"

मुलगा आला. गुरुजींनी ती सुरकुतलेली जांभळं वाटीत घालून माझ्यादेखत त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक तोंडात टाकलं आणि बापाकडे बघतच राहिला.

"बाबा, हे तर..."

"मार्क किती?"

त्यानं वाटी बापापुढं सरकवली. गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, एक जांभूळ उचललं, डोळे मिटून खाल्लं आणि बी खिशात ठेवली.

मुलगा परत गेला, पण जूनमध्ये येतो, बरणी दोघं मिळून भरू, असं सांगून गेला. गुरुजींनी ती बी कुंडीत लावलीय. दारूत मुरलेली बी उगवत नाही, हे शाळेत शास्त्र शिकवत आलेल्या माणसाला कळत नसेल असं नाही. तरी ते रोज सकाळी तिला पाणी घालतात, आणि मी कुंपणापलीकडून बघतो.