दोनशे खेळाडू आणि एक खड्डा

मोठ्या प्रयोगशाळांतून शोधनिबंध बाहेर पडतात. वाशीमच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून फक्त किस्से बाहेर पडले. निवृत्तीनंतरही मी तिथे शिकवायला जात होतो, त्यामुळे बहुतेक किश्श्यांत मूर्ख मीच आहे. डॉक्टरेट असलेला मूर्ख!

विद्यापीठाची समिती येणार होती. काही चालतं-फिरतं दाखवलं नाही, तर 'यंत्र स्वतः कसं शिकतं' हा माझा विषय बंद होणार होता. म्हणून प्रतिभाने आणि मी प्रोजेक्ट घेतला. प्रतिभा ही मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची माझी विद्यार्थिनी. उड्या मारत, खड्डे चुकवत पुढे जायचा गेम कॉम्प्युटरने स्वतःच शिकायचा होता.

रीत सोपी. दोनशे खेळाडू वाटेल तशी बटणं दाबतात. ज्यांना जास्त गुण पडले ते ठेवायचे, त्यांच्या चालींची सरमिसळ करून पुढची पिढी तयार करायची.

लॅब सांभाळणारे देवराव म्हणाले, "म्हंजे बियाण्यासारखंच झालं, सर! चांगलं कणीस ठेवाचं, बाकीचं बैलाले!"

हेच समजावायला मला तीन लेक्चरं लागायची.

*

आधी मी वेगाला गुण दिले. काही पिढ्यांत दोनशेच्या दोनशे जण सुसाट पळत सुटले आणि थेट पहिल्या खड्ड्यात!

"सर, हे तं पडाची घाई करून राह्यले!" प्रतिभा म्हणाली.

मागे प्रिन्सिपॉल उभे होते. "शर्यत तुम्हीच लावली ना?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

*

मग जिवंत राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला गुण दिले. आता एकही मरेना. कारण एकही हलेना! सगळे सुरुवातीच्या जागेवर शांत उभे. उडी नाही, पाऊल नाही.

देवरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. "सर, हे परमनंट झाले!"

स्टाफरूम आठवडाभर हसली. मीही हसलो, जरा उशिराने. मी तीस वर्षं परमनंट होतो.

*

एकदा तीनशे पिढ्या झाल्या होत्या, खेळाडू खड्डा ओलांडू लागले होते, आणि पाचच्या ठोक्याला देवरावांनी मेन स्विच पाडला. मी काहीच सेव्ह केलं नव्हतं.

"देवराव, काहून बंद केलं?"

"नियम हाय, सर. पाचले मेन बंद."

भिंतीवरच्या त्या नियमाखाली सही माझीच होती.

*

समिती आली त्या दिवशी मात्र आमच्या खेळाडूने कमाल केली. खड्डे, काटे, सरकत्या फळ्या, सगळं पार! प्रिन्सिपॉलांनी टाळ्या वाजवल्या.

समितीतले एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "छान. आता दुसरी लेव्हल लावा."

दुसरी लेव्हल आम्ही त्याला कधी दाखवलीच नव्हती. लावली. त्याने पहिल्या लेव्हलच्याच उड्या, त्याच क्रमाने, मारल्या. जिथे खड्डा नव्हता तिथे झेप घेतली. जिथे होता तिथे ऐटीत चालत गेला.

प्राध्यापकांनी फाइल मिटली. "सर, विषय ठेवता येणार नाही. याला खेळ कळलेलाच नाही. हा नुसता पाठ करून आलाय!"

प्रतिभा उभी राहिली.

"त्याले काहून नापास करता, सर? आमी बी असेच पास झालो!"