रेशीमरावांचे हात

कापडाच्या त्या तीन मजली दुकानात त्यांना सगळे रेशीमराव म्हणत. चेष्टेनेच म्हणत, पण रेशीमरावांना तो मान वाटे, आणि त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. सव्वीस वर्षं ते पहिल्या मजल्यावर रेशमाच्या काउंटरमागे उभे होते. तागा उचलायचा, मनगटाच्या एका झटक्यात काचेवर उलगडायचा आणि वरून असा तळवा फिरवायचा, की समोरच्या बाईला वाटावं, हे न घेता घरी गेलो तर मग जगून काय करायचं. हे मात्र त्यांना येत होतं, खोटं कशाला बोलायचं.

गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे ते बघतच नसत. आधी हात बघत. मऊ, निगा राखलेले हात दिसले की शिडी लावून वरच्या फळीवरचा तागा निघे. खरबरीत हात दिसले की खालच्या फळीवरचं काहीतरी पुढे सरकवत आणि जांभई दाबत. माणूस हातावरून कळतो, असं ते नव्या नोकरांना शिकवत. शिकवताना स्वतःचे हात मुद्दाम काचेवर ठेवत.

अडचण एकच होती, थंडीची. थंडी काय, सगळ्यांनाच असते. ओठ उलतात, टाचा फुटतात, गाल पांढरे पडतात. माणसं हाताशी असेल ते फासतात आणि कामाला लागतात. रेशमाच्या काउंटरवर तसं चालत नाही. बोटाला जरा खरखर आली की धागा तिच्यात अडकतो, ओढला जातो आणि ताग्यावर चुरगळलेली रेघ उमटते. बरं, मलम फासून यावं, तर कापडावर तेलकट डाग. कोरडा हात चालत नाही आणि ओशटही चालत नाही. त्यामुळे वर्षातले चार महिने रेशीमराव आपले हात तळहातावरच्या फोडासारखे जपत. जपत म्हणजे काय, तर बायकोकडून जपून घेत.

सकाळी सहाला ते पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात पुढे करत. बायको आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने ते शेकायची. मग नखांच्या कडेची साल घासायची, मग ग्लिसरीन, मग निळ्या बरणीतलं महागाचं क्रीम, एकेका बोटाला मुळापासून टोकापर्यंत. वर पातळ सुती हातमोजे. हे चालू असताना रेशीमराव समोर पसरलेलं वर्तमानपत्र वाचत आणि पान उलटायला लेकीला हाक मारत. क्रीम अंगात मुरायला तीन तास लागतात, हा त्यांचा स्वतःचा शोध. त्या तीन तासांत हात कशालाही लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

पाण्याचं तर नावच नको. ताट उचलणं नाही, कप विसळणं नाही, नळ सोडणंसुद्धा नाही. बसमध्ये दांडा धरत नसत. दोन्ही कोपरं शेजारच्यांच्या बरगड्यांत रोवून उभे राहत. दार खांद्याने ढकलत. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी होणाऱ्या व्याह्यांनी हात पुढे केला, तर ह्यांनी आपले हातमोजे छातीशी धरून नुसती मान डोलावली. व्याही नंतर आठवडाभर लेकीला आडून आडून विचारत होते, तुझ्या बाबांना काही संसर्गाचं दुखणं वगैरे आहे का.

‘अगं, हे हात म्हणजे आपलं घर आहे,’ रेशीमराव बायकोला सांगत. ‘हे गेले की सगळं गेलं.’

बायको ‘हो’ म्हणायची आणि भांडी घासायला बसायची. घरातलं पाण्याचं काम सगळं तिच्याकडे होतं. गारठलेलं पाणी, कपड्यांचा सोडा, फरशी पुसायचं औषध. डिसेंबर निम्मा झाला की तिच्या पेरांवर चिरा पडत. अंगठ्याला तर मधोमध उभी फट पडे, ती मार्चपर्यंत मिटत नसे. निळ्या बरणीला मात्र ती स्वतःसाठी हात लावत नव्हती. एकदा लावला होता, लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा. दुसऱ्या दिवशी बरणीवर, क्रीम होतं तिथपर्यंत, रेशीमरावांच्या पेनाची बारीक रेघ दिसली. माणसाने इतकं हलकं होऊ नये, पण झाला खरा.

यंदा दुकानात धाकटे मालक आले. थोरल्यांचे गुडघे गेले, ते घरी बसले, आणि मुलाने पहिल्याच आठवड्यात काउंटरच्या डोक्यावर गरम हवा सोडणारी दोन यंत्रं बसवली. गिऱ्हाइकांना छान ऊब मिळाली. रेशीमरावांचे हात मात्र दुपारच्या जेवणापर्यंत खडखडीत वाळू लागले. त्यातच एके दिवशी मोतिया रंगाच्या भारी ताग्यात ओढलेला धागा सापडला. कुणाच्या हातून झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ज्याला माहीत होतं तो बोलत नव्हता. धाकट्या मालकांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि आवाज न चढवता सांगितलं, ‘यापुढे रेशमाच्या काउंटरवरच्या ज्याच्या हातून धागा निघेल, तो तळघरात.’

तळघरात टॉवेल, पायपुसणी आणि फरशीची फडकी मिळत. तिथे कापड उलगडून दाखवायची पद्धत नव्हती, ढिगातून ओढून घ्यायची होती. सव्वीस वर्षं रेशीम दाखवल्यावर आता पायपुसणी झटकायची? आणि मग दुकानातले लोक आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतील, तेही रेशीमरावांना लगेच सुचलं.

नेमकी त्याच आठवड्यात उजव्या तर्जनीला चीर पडली. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी ते बोट बायकोच्या नाकापुढे धरलं.

‘बघ. तुझं लक्ष नाही म्हणून झालंय हे.’

बायकोने हात पुसले, बोट दिव्याखाली नेलं. चीर शोधायला तिला चष्मा लावावा लागला. शोधल्यावर मात्र पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भेगांमधलं तिला जेवढं कळत होतं तेवढं डॉक्टरांनाही कळत नसेल. तिने वाटीत मेण आणि तेल वितळवलं, जरा निवू दिलं आणि काडीच्या टोकाने चिरेत भरायला घेतलं.

‘हळू गं,’ रेशीमराव कळवळले. ‘किती टोचतात तुझे हात. कापसाने लाव.’

तिने कापसाने लावलं. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या रेशमाच्या चिंधीवरून ते बोट तीनदा फिरवलं. कुठे अडकलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

‘क्रीम चांगलं आहे हे,’ ते म्हणाले.

रविवारी लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. रेशीमरावांचं म्हणणं, मी संध्याकाळी घेऊन येतो, तुम्ही कशाला धडपडत येता. दुकानात बायकोला कुणी बघितलेलं नव्हतं आणि बघावं असं त्यांना वाटतही नव्हतं. पण लेक हट्टाला पेटली. लग्न माझं, कापड मीच निवडणार. शेवटी मायलेकी दुकानात येऊन रांगेत उभ्या राहिल्या. बायकोने शाल अंगाभोवती घट्ट लपेटली होती, हात आत.

त्यांची पाळी आली तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि रेशीमराव रंगात आले होते. बायको आणि लेक समोर आहेत म्हणून त्यांनी सूर बदलला नाही. उलट चार लोक बघताहेत म्हणून आणखी चढवला. डाळिंबी रंगाचा तागा काढला, झटक्यात उलगडला, तळवा फिरवला. लेक हरखून गेली. कापडाचं टोक तिने गालाला लावलं.

‘आई, बघ ना किती मऊ आहे.’

बायको थोडी पुढे झाली. शालीतून हात बाहेर आला.

‘नुसतं बघा बाई,’ रेशीमराव म्हणाले. ‘हात नको.’

बाई. तोंडातून गेल्यावर तो शब्द त्यांचा त्यांनाच खटकला. पण शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या होत्या, आता मागे कसा घेणार? आणि तोवर हात कापडावर टेकलाही होता. ती दचकली, तिने हात झटकन ओढला, आणि अंगठ्याच्या फटीत अडकलेला धागा त्याबरोबर निघाला. डाळिंबी रेशमावर वीतभर रेघ पडली.

धाकटे मालक तीन पावलांवर होते.

‘कुणाचा हात?’ त्यांनी विचारलं.

आता ‘माझ्या बायकोचा’ एवढं म्हणायला काय हरकत होती? कदाचित काही झालं नसतं. कदाचित मालक हसलेही असते. पण कदाचित नसतेही हसले, घरच्यांनी केलेलं नुकसान नोकराच्या माथी मारलं असतं, आणि त्या ‘कदाचित’च्या खाली तळघराचा जिना होता. रेशीमरावांनी विचार करायला श्वासभर वेळसुद्धा घेतला नाही.

‘गिऱ्हाइकाचा, साहेब,’ ते म्हणाले, आणि आपण त्यातले नाही हे दिसावं म्हणून दोन्ही तळवे वर करून दाखवले.

लेकीचं तोंड उघडं राहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात आईने तिच्या दंडावर हात ठेवला.

गिऱ्हाईक म्हटल्यावर धाकटे मालक एकदम गोड झाले. ते तसे मुळात वाईट नव्हते. त्यांनी बायकोच्या अंगठ्याकडे बघितलं, चुकचुकले आणि आपुलकीनेच म्हणाले, ‘अहो काकू, हातांची काय ही दशा करून घेतलीत? थंडीत काही लावत नाही का?’

‘लावते की,’ बायको म्हणाली. ‘रोज सकाळी तासभर लावते. ह्यांच्या हातांना.’

आणि तिने हनुवटीने काउंटरपलीकडे दाखवलं.

मालकांनी तिचे हात बघितले. मग काउंटरमागे अजून वरच धरलेले ते दोन गुलाबी, गुळगुळीत तळवे बघितले. शेजारच्या गिऱ्हाइकांनीही बघितले. पैसे घ्यायला बसलेल्या माणसाला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. रेशीमरावांना हात खाली घ्यायचंही सुचत नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते दुसऱ्या कुणाचे तरी असते तर बरं, असं वाटलं.

‘हेच द्या,’ बायकोने नवऱ्याला सांगितलं. आवाजात राग नव्हता, भाजी घेताना असतो तेवढाच कोरडेपणा होता. ‘पाच मीटर. धाग्याकडची बाजू मी शिवताना आत घेईन. आणि उद्यापासून तुमच्या हातांचं तुम्ही बघा. मला माझे बघायचेत.’

रेशीमरावांनी कात्री उचलली आणि कापड मोजायला घेतलं. थंडी संपायला अजून दोन महिने होते.