डबा खाली उतरल्यावरच

सुजाताताई गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटले. तब्येतीचं एक अक्षर काढू दिलं नाही त्यांनी. "डोंगरावर बर्फ कसाय गं?" पहिला प्रश्न हाच. मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझा डबा घरून घेऊन जा. भीमजयंतीला लागेल. आणि सगळ्यांना खाली आण..." मी मान डोलावली खरी, पण आजवर आम्हाला खाली आणायचं काम त्यांचंच होतं.

ताई नागपूरच्या, ग्लासगोत भूल देणाऱ्या डॉक्टर. "झोपवायला काय लागतं? पेशंट उठला की माझं काम झालं," असं म्हणायच्या. भीमजयंतीच्या आसपासच्या रविवारी निळा झेंडा घेऊन हायलँड्समधल्या एका डोंगरावर चढायचं, ही आमच्या मराठी मंडळींची प्रथा त्यांनीच पाडली. नियम एकच, करंज्यांचा डबा गाडीतच राहणार. शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय उघडायचा नाही. "शिखरावर कसली पार्टी? ती तर अर्धीच वाट झाली," म्हणायच्या.

एका वर्षी लख्ख ऊन पडलं होतं आणि आम्ही भलतेच खूश होतो. कार पार्कमध्ये बुद्धवंदना झाली, मग प्रशांतचं भाषण. प्रशांत म्हणजे माझा नवरा, माइक नसला तरी आवरत नाही. ताई सारख्या उन्हाकडे बघत होत्या. रात्री गोठलेला बर्फ सकाळी दगडासारखा असतो, ऊन चढलं की सैल पडतो आणि मग अख्खा उतार सुटू शकतो, हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. शेवटच्या चढावर पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागले. वरच्या कड्यावर बर्फाचा छज्जा लोंबत होता आणि बर्फाचे बारके गोळे आपोआप घरंगळत खाली येत होते. ताई थांबल्या. "चला, परत."

"ताई, शिखर समोर दिसतंय! अर्ध्या तासाचं काम आहे," प्रशांत म्हणाला.

"तो अर्धा तास तू खाली भाषणात खाल्लास. चल, उतर."

झेंडा तसाच गुंडाळलेला राहिला. अख्ख्या वाटेत कुणी ताईंशी धड बोललं नाही, मी तर तोंड फुगवूनच उतरले. गाड्यांपाशी पोचून बूट सोडत होतो, तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. छज्जा तुटला आणि त्याच्यामागोमाग सबंध उतार खाली आला, आमच्या पावलांच्या ठशांवरून... ताईंनी बोटानं एकेकाला मोजलं, डबा उघडला आणि म्हणाल्या, "प्रशांत, आता कर भाषण. पाहिजे तेवढं लांबव."

तेव्हापासून वंदना आणि भाषण उतरल्यावरच. पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच पायथ्याच्या हॉस्टेलवर मुक्काम टाकला, उजाडता उजाडता निघालो आणि कडक बर्फावरून शिखर गाठलं. झेंडा धरून हसणाऱ्या ताई मला अजून दिसतात. काय रुबाब होता बाईचा!

यंदा त्या नव्हत्या. हिमस्खलनाचा अंदाज मी इतक्यांदा वाचला की प्रशांत म्हणाला, "अगं, आता पाठ झाला असेल." रात्री बर्फ चांगला गोठला होता. तरी चढताना दर थोड्या वेळानं मी बर्फात टाच मारून बघत होते. घट्ट होता. उतारावर ऊन यायच्या आत आम्ही वर पोचलो, झेंडा फडकवला, रडलो, नाचलोसुद्धा. कुणीतरी म्हणालं, "ताईंच्या नावानं इथंच तोंड गोड करू या."

"डबा खाली आहे," मी म्हटलं. आवाज अगदी ताईंसारखा निघाला असावा, कारण सगळे निमूट वळले.

गाड्यांपाशी मी बोटानं एकेकाला मोजलं. सगळे होते. "आणलं हो ताई सगळ्यांना," असं मोठ्यानं म्हणून मी झाकण उघडलं आणि करंज्या वाटल्या. मग प्रशांत बोलायला उभा राहिला, ताईंवर. ऊन डोक्यावर आलं तरी तो बोलतच होता, आणि कुणीही त्याला थांबवलं नाही.