नानांच्या रानातला सरवा

मी गाव सोडलं त्या सकाळी कोल्हारच्या स्टँडवर आईनं पुण्याच्या एस.टी.च्या खिडकीतून पिशवी आत टाकून माझी जागा धरली. "खिडकीपाशी बस, तुला गाडी लागती," एवढंच म्हणाली. त्याच सकाळी आमच्या गावचे मोठे बागायतदार, नाना, त्यांच्या सुहासला जीपनं पुण्याला सोडायला निघाले होते. टपावर गादी, टेबलफॅन, कुकर. कॉलेज आमचं दोघांचं एकच. स्टँडपुढून जाताना सुहासनं हात केला. जीपमध्ये मागं जागा रिकामी होती. ती मला द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, आमच्यासुद्धा.

आता मी पुण्यात राहते. सोसायटीला स्विमिंग पूल आहे, मला पोहता येत नाही. ऑफिसात जो तो आपण किती खस्ता खाल्ल्या ते सांगतो. एकाच्या घरी म्हणे दहावीपर्यंत फ्रीज नव्हता. मी मान डोलावते आणि कॉफी पिते.

पण परवा गावाकडच्या पुणेकरांचा मेळावा होता आणि तिथे माझं डोकं फिरलं. सुहासनं माझं नाव घेऊन माईकवरून सांगितलं, "आम्ही दोघं शून्यातून वर आलो. अनवाणी शाळेत जायचो."

जायचा की. चपला दप्तरात असायच्या त्याच्या. आम्ही सगळे अनवाणी, म्हणून तोही गंमत म्हणून काढायचा आणि पाय पोळले की घालायचा. माझ्या दप्तरात चपला नव्हत्या, सुहास. शून्य माझं होतं, त्यावरही तू हात मारलास.

सरवा म्हणजे काय हे आता पुण्यात सांगावं लागतं. भुईमूग उपटून झाला की मातीत काही शेंगा राहतात. त्या वेचायला आमच्यासारखी बिनजमिनीची माणसं जात. पण रीत अशी की मालकाच्या मजूर बाया रानातून दुसऱ्यांदा फिरेपर्यंत आम्ही बांधावर बसायचं. मालकानं "या आता" म्हटलं की मगच उतरायचं. एका वर्षी नानांच्या बाया शेजारच्या वावरात गेल्या. आईला वाटलं, झालं, रान मोकळं झालं. आम्ही उतरलो. तिच्या पदराचा ओटा भरत आला तेव्हा नाना आले. ओरडले नाहीत. "टाक खाली," म्हणाले. आईनं पदर सोडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूठ उघडली. सुहास लिंबाखाली बसून हे बघत होता, पायात चपला होत्या. त्या संध्याकाळी नानांनी आम्हाला पुन्हा रानात उतरू दिलं, आणि नाना किती मोठ्या मनाचे हे गावानं पुढं कित्येक वर्षं सांगितलं.

मेळाव्यात याच नानांच्या हातून माझ्या आईचा सत्कार होता. आदर्श माता. साडी, नारळ. ती आदल्या दिवशी गावाहून आली होती. माईक तिच्या तोंडाशी धरला तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकले. आज ती बोलेल, असं मला खरंच वाटलं.

"नानांच्या रानानं माजी पोर वाढवली," आई म्हणाली. "त्यांचं लई उपकार हायेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुहासनं डोळे पुसले. मी वाजवल्या नाहीत.

गाडीत मी आईवर तोंड सोडलं. लाज कशी वाटली नाही, म्हणाले. ते रान त्यांचं होतं, पण वाकत तू होतीस, म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मग साडीचा बॉक्स मांडीवर नीट ठेवत म्हणाली, "तुजं बराबर हाय. पन आपलं घर हाय ती जागा कुनाची?"

"आपली," मी म्हणाले.

"नानांची. त्येंनी तुज्या बापाला राहा म्हनलं, आमी राह्यलो. कागुद न्हाई आपल्याकडं. सुहास तितं गाळे काढायचं म्हनतोय."

मी गाडी बाजूला घेतली. माझ्याकडे ये म्हणून मी तिला दर सुट्टीत सांगते. ती चार दिवस राहते आणि शेजारपाजार, शेळ्या, बापाची आठवण म्हणत परत जाते. गावाकडे आमचं घर आहे, असं मी आजवर किती ऐटीत सांगत आले. आणि ते टिकावं म्हणून आई माईकवर हात जोडून आली होती. मला चिडायला मिळतं, कारण मला कुणी उठवू शकत नाही. सुहासकडे चपला होत्या, माझ्याकडे आता हे आहे. आईकडे दोन्ही नाही.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जिथे माझ्या आईला नानांबद्दल खरं बोलता येईल ती जागा. ती आमच्याकडे अजून नाही. या लिखाणातली नावं मी बदलली आहेत. नानांच्या अब्रूची मला पर्वा नाही. आई सोमवारी गावाला परत गेली.