दिनेश सरांच्या बायकोचा पाठ

गडचांदूरला सिमेंट कॉलनीच्या मागे शिकवणी घेणारे दिनेश रामटेके हे बी.एड. नसतानाही सर होते. गल्लीत सर, किराणा दुकानात सर, आणि घरात तर सरच सर. पण शाळेत लागायचं तर पदवी हवी, म्हणून चाळिशी जवळ आल्यावर त्यांनी बी.एड. करायचं ठरवलं. इथवर ठीक होतं. पण भीमजयंतीला विहारासमोरच्या मंचावर हातात माइक आला, समोर गर्दी दिसली, आणि सर बोलून गेले, "मी एकटा नाही शिकणार. माझी पत्नी स्वाती, तीसुद्धा बी.एड. करील!"

टाळ्या पडल्या. पडलेल्या टाळ्या माघारी घेण्याची सोय अजून निघालेली नाही.

स्वाती लग्नाआधीची बी.एस्सी. दोघांनी प्रवेश परीक्षा दिली, एकाच कॉलेजात जागा मिळाली. मागच्या बाकावर बसेल, अडलं तर आपल्याला विचारील, डबाही सोबत येईल, असा सरांचा हिशेब. पण पहिल्याच महिन्यात गणिताचे प्राध्यापक गुणवंतराव यांनी "रामटेके, छान लिहिलंय!" अशी हाक मारली. दिनेश सर उठून उभे राहिले, तर गुणवंतराव म्हणाले, "तुम्ही नाही हो, मॅडम." त्या दिवशी डब्यात भरलेली वांगी होती. सरांना ती कडू लागली.

दुसऱ्या वर्षी सराव पाठांसाठी दोघांना जिवतीकडची एक शाळा मिळाली. तिथं तर कहर झाला. सहावीच्या पोरी स्वातीला पाहिलं की धावत येऊन तिची पिशवी घ्यायच्या. सरांना मात्र "नमस्तेऽ सऽर" असा लांबलचक सूर, आणि पिशवी ज्याची त्यानं सांभाळावी. एकदा पोरींनी तिच्या वेणीत पिवळी रानफुलं खोचली. सरांच्या डोक्यावर काही खोचायला केसच उरले नव्हते, हा काय त्यांचा दोष?

आणि समोर होता आदर्श पाठ. सराव संपताना सगळ्यांमधून एकाचाच पाठ निवडायचा आणि तो अख्ख्या कॉलेजसमोर घ्यायचा, अशी तिथली रीत. हा मान आपलाच, असं सरांनी शिकवणीच्या पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. आता तो घरातल्या घरात, पण दुसऱ्याच माणसाकडे चालला होता.

स्वातीचा पाठ झाला, विषय दशांश अपूर्णांकांची ओळख. पाठानंतर सोबतच्यांनी बोलायचं, आधी गुण, मग त्रुटी, असा नियम. दिनेश सर तयारच होते. "मॅडमचा खडू फार कर्रकर्र वाजतो. त्या फळ्याच्या डावीकडेच जास्त उभ्या राहिल्या. मुलं गरजेपेक्षा जास्त हसली."

"आणि गुण?" पाठ पाहायला आलेल्या गुणवंतरावांनी विचारलं.

सरांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "पाठ वेळेत संपला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांचा पाठ, दशांश अपूर्णांकांची तुलना. त्यांनी तो आधीचा आठवडाभर मधल्या सुट्टीत लिमलेटच्या गोळ्या वाटून पोरांकडून घोटून घेतला होता. कोण हात वर करणार, कोण काय बोलणार, सगळं पक्कं. त्यातला हुकमी पत्ता होती सहावीतली सोमारी. ०.५ मोठा की ०.२५, असं विचारलं की सोमारीनं मुद्दाम ०.२५ म्हणायचं, मग सर हळुवार हसून ती चूक दुरुस्त करणार आणि गुणवंतराव गहिवरणार.

सरांनी पाठासाठी बनवलेली थर्मोकोलची 'दशांश नगरी' दिव्यांनी लुकलुकत होती. पाठ वंगण घातल्यासारखा चालला. सरांनी विचारलं, "सांग बरं सोमारी, मोठा कोणता?"

"शून्य पॉइंट पाच."

सर दचकले. "नीट विचार कर, बेटा."

"शून्य पॉइंट पाचच, सर."

"अगं, पंचवीस मोठे की पाच?" सरांनी डोळे वटारले, भुवया नाचवल्या, घसा खाकरला.

सोमारी रडकुंडीला आली. "सर, मले आता चुकता येऊन नाई राह्यलं. काल मॅडमनं सांगितल्यापासून येतच नाई. गोळी वापस देऊ का?"

वर्ग खो खो हसला. गुणवंतरावांनी रुमाल तोंडावर धरला.

मग चर्चा. स्वाती बोलायला उठली. तिनं आपली भरपूर निंदा करावी, म्हणजे फिट्टंफाट होईल, अशी सर मनात प्रार्थना करत होते. पण ती म्हणाली, "पोरं नेमकी कुठं चुकतात, हे सरांना पुस्तक न उघडता माहीत आहे. इतकी वर्षं शिकवल्याशिवाय ते कळत नाही. फक्त ती चूक पोरांच्या तोंडून वदवून घ्यायला नको होती."

सरांना घेरीच आली. बाईला दोष काढणंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं!

आदर्श पाठ अर्थातच स्वातीला मिळाला. परतताना दोघंही मोटारसायकलवर घाट उतरत होती. एका वळणावर सरांनी गाडी थांबवली.

"त्या सोमारीले तू असं काय शिकवलं वं?"

"तुमी तं मागंच बसून होते जी."

"मी तुझा खडू पाहून राह्यलो होतो."

स्वाती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं पिशवीतून बांबूची कमची काढली. तिच्यावर दहा सारखे भाग आखलेले, आणि त्यातल्या तिसऱ्या भागाचे पुन्हा दहा बारीक भाग. "हे पाच मोठे भाग, म्हणजे शून्य पॉइंट पाच. आन् हे दोन मोठे, वरून पाच बारीक, म्हणजे शून्य पॉइंट पंचवीस. बोट ठेवून पाहा."

सरांनी बोट ठेवलं. बोट अर्ध्यावर गेलं आणि दुसऱ्या खेपेला पाव भागावरच थांबलं. इतकं सोपं! इतक्या वर्षांच्या शिकवणीत हे आपल्याला काऊन नाई सुचलं? पुन्हा तिचा हेवा वाटला. पण कमची हातातून सोडवेना.

"अजून एक डाव सांग," ते कसेबसे म्हणाले. "हळू सांग. मले मागच्या बाकावरचा समज."